सस्पेन्शन खाली घेतल्यावर अलाइनमेंट टिकत नाही, टायर आतून झिजतात: नेमकं कुठं बघायचं

लक्षणं साधारण अशी असतात. स्पोर्ट्स कारला कोइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा जोड) किंवा लोअरिंग स्प्रिंग बसवले, मोठी चाकं घातली, अलाइनमेंट करून घेतलं. मशीनच्या कागदावर सगळे आकडे हिरवे. सुरुवातीला गाडी छान वळते. मग स्टिअरिंग किंचित तिरकं दिसायला लागतं, गाडी एका बाजूला ओढते, खड्ड्यावरून जाताना दिशा बदलते, आणि काही हजार किलोमीटरनंतर जॅकवर घेतली तर टायरची आतली कड तारा दिसेपर्यंत गेलेली. परत अलाइनमेंट करायचं, परत तेच.

दोष अलाइनमेंट करणाऱ्याचा क्वचितच असतो. अलाइनमेंट हे या सगळ्यातलं शेवटचं काम आहे. उंची, बुश, बोल्ट आणि चाकं यांतलं एक जरी अर्धवट राहिलं, तरी मशीनवर बसवलेले आकडे गाडी रस्त्यावर जाऊन सोडून देते. म्हणून पुढच्या वेळी अलाइनमेंटला जायच्या आधी खालचा क्रम पूर्ण करा.

आधी टायर काय सांगतो ते बघा

तळहात टायरच्या रुंदीवर आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं टोचत असेल तर दोष ‘टो’चा, म्हणजे वरून बघताना चाक आत किंवा बाहेर वळलेलं आहे. आतली कड झिजली आहे पण दोन्हीकडून सारखीच गुळगुळीत लागते, तर कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल; उणे म्हणजे वरची बाजू आत) जास्त आहे. ठरावीक अंतरावर खोलगट चट्टे पडले असतील तर शॉकअप चाकाला आवरत नाही, किंवा बॅलन्सिंग बिघडलं आहे. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत, तर हवा कमी.

खाली घेतलेल्या गाडीत पहिले दोन दोष बहुतेक वेळा एकत्र येतात आणि बोल कॅम्बरला लागतो. हे चूक आहे. उणे दोन अंश कॅम्बर असलेला टायर टो बरोबर असेल तर बऱ्यापैकी सरळ झिजतो. टो बिघडला की कोणताही टायर टिकत नाही. हिशेब करून बघा: एका चाकाचा टो ०.२ अंश चुकला, तर दर किलोमीटरला ते चाक भूमितीच्या हिशेबानं सुमारे साडेतीन मीटर आडवं जाऊ पाहतं. गाडी त्याला सरळ ओढत नेते आणि तेवढं रबर रस्त्यावर घासलं जातं. त्यात उणे कॅम्बरमुळे भार आतल्या कडेवर असतो, म्हणून घासही तिथंच बसते.

उंची: प्रीलोड आणि उंची एक नाही

कोइलओव्हरला स्प्रिंगची बैठक आणि खालचा ब्रॅकेट असे दोन्ही फिरत असतील, तर उंची ब्रॅकेट फिरवून ठरवायची. स्प्रिंगची बैठक फक्त स्प्रिंग सैल राहू नये इतपत, म्हणजे हातानं घट्ट आणि वर दोन-तीन मिलिमीटर; हा आधीचा दाब म्हणजे प्रीलोड. बैठक वर-खाली करून उंची बदलणारे नकळत शॉकअपचा प्रवास खातात.

समजा स्प्रिंगवर ३०० किलो भार आहे आणि स्प्रिंग ६ किलो प्रति मिमीचा. गाडी जमिनीवर आली की तो ५० मिमी दबणारच. बैठक आणखी ५ मिमी घट्ट केली तरी दाब तोच राहतो, स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडी ५ मिमी वर येते आणि चाकाला खाली जायला तेवढीच जागा कमी उरते. उलट बैठक सैल करून गाडी खाली आणली, तर शॉकअपचा दांडा जास्त आत जातो आणि गाडी बम्प स्टॉपच्या (प्रवासाच्या शेवटी दांडा अडवणाऱ्या रबराच्या) जवळ बसते. मग लहानशा उंचवट्यावरही धक्का थेट बॉडीला जातो, आणि वळणाच्या मध्यावर बम्प स्टॉप लागला की त्या टोकाची पकड एकदम सुटते. लोक याला स्प्रिंग कडक आहे असं समजून मऊ स्प्रिंग घालतात. त्यानं गाडी आणखी जास्त वेळा तळाला बसते.

तपासायचा सोपा मार्ग आहे. शॉकअपच्या दांड्याला प्लास्टिकची केबल टाय घट्ट बांधा, शॉकअपच्या बॉडीला टेकेपर्यंत खाली सरकवा आणि नेहमीच्या रस्त्यावर चालवून या. टाय बम्प स्टॉपपर्यंत जाऊन चेपली असेल तर गाडी प्रवास संपवते आहे. मग उंची वाढवा, छोट्या बॉडीचा शॉकअप घ्या किंवा स्प्रिंगचा रेट वाढवा. बम्प स्टॉप काढून टाकणं हा उपाय नाही. त्याशिवाय शॉकअपच्या आतला व्हॉल्व्हच मार खातो.

उंची मोजताना मडगार्डच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजू नका, टायर आणि हवेचा फरक त्यात येतो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, चारही बाजूंनी लिहून ठेवा. पुढच्या दोन बाजूंत आणि मागच्या दोन बाजूंत ५ मिमीपेक्षा जास्त फरक नको. खालच्या रिंगा बसवण्याआधी आटे ब्रशनं साफ करा. मातीत घट्ट केलेली लॉक रिंग घट्ट वाटते आणि काही दिवसांत सुटते. हीसुद्धा अलाइनमेंट न टिकण्याची एक नेहमीची वाट आहे.

बुश: सर्वांत जास्त चुकणारी जागा

इथं जरा थांबून वाचा, कारण वारंवार बिघडणाऱ्या अलाइनमेंटमध्ये हे कारण फार वेळा निघतं आणि कुणी सांगत नाही.

कंट्रोल आर्मच्या (चाक आणि गाडीची बॉडी जोडणाऱ्या दांड्याच्या) मूळ रबरी बुशमध्ये बाहेरचं कवच, रबर आणि आतली लोखंडी नळी एकमेकांना चिकटवलेली असतात. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटला जखडली जाते. त्यानंतर आर्म वर-खाली होतो तेव्हा काहीही घसरत नाही, रबर पिळतं. कंपनीत तो बोल्ट गाडी तिच्या चालत्या उंचीवर असताना आवळलेला असतो, म्हणून उभ्या गाडीत रबरावर पीळ शून्य.

आता गाडी जॅकवर, चाकं लोंबकळलेली, आणि त्याच स्थितीत सगळे बोल्ट आवळले. आर्म ३५० मिमीचा आहे आणि लोंबकळलेलं चाक चालत्या उंचीपेक्षा ८० मिमी खाली आहे, तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर प्रत्येक बुशमध्ये सुमारे १३ अंशांचा कायमचा पीळ बसला. ते रबर स्प्रिंगसारखं गाडी वर ढकलत राहतं. त्याच अवस्थेत उंची मोजली गेली, अलाइनमेंट झालं. मग रबर हळूहळू ढिलं पडतं, नाहीतर कडेनं फाटतं. गाडी काही मिलिमीटर बसते, आर्मचा कोन बदलतो, त्याबरोबर कॅम्बर बदलतो, टो बदलतो. कागदावरचे हिरवे आकडे त्या दिवसापुरतेच खरे होते.

नुसते स्प्रिंग बदलले आणि आर्मचे बोल्ट सैल केलेच नाहीत, तरी हेच होतं, फक्त कमी प्रमाणात. बोल्ट जुन्या उंचीला जखडलेले आहेत आणि गाडी ३० मिमी खाली आली आहे.

उपाय: उंची ठरली की आतल्या बाजूच्या सगळ्या आर्मचे पिव्होट बोल्ट अर्धा-एक फेरा सैल करा, काढू नका. गाडी चाकांवर उभी करा. चार खांबांच्या ड्राइव्ह-ऑन लिफ्टवर किंवा रॅम्पवर हे काम सर्वांत नीट होतं. तशी सोय नसेल तर गाडी स्टँडवर ठेवून नकलखाली (चाकाचा हब ज्यावर बसतो त्या भागाखाली) जॅक लावा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर आधी लिहून ठेवलेल्या आकड्याइतकं येईपर्यंत उचला. गाडी स्टँडवरून उचलली जाऊ लागली तर तिथंच थांबा. गाडी चाकांवर उभी असेल तर तिचा कोपरा दोन-तीनदा दाबून सोडा, मग गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा.

पॉलियुरेथिनचे बुश नळीभोवती फिरतात, त्यांना हा पीळ बसत नाही. पण सिलिकॉन ग्रीस न लावता बसवले तर चरचरतात आणि अडकतात. जो आर्म एकाच वेळी दोन दिशांना वळतो (मागचे ट्रेलिंग आर्म बहुधा असेच), तिथं पॉली बुश घालू नका. तो बांधून टाकतो, मागचं चाक मोकळं चालत नाही आणि मागची बाजू वळणात झटक्यानं सुटते. तिथं एकतर नवा रबरी बुश, नाहीतर गोलाकार बेअरिंग.

बोल्ट जे जागेवर राहत नाहीत

माझदा एमएक्स-५ सारख्या गाड्यांत लोअर आर्मला विक्षिप्त वॉशरचे (भोक मध्यापासून बाजूला असलेल्या वॉशरचे) बोल्ट असतात. ते फिरवून कॅम्बर, कास्टर (बाजूनं बघताना स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) आणि मागचा टो ठरतो. हे बोल्ट दोन प्रकारे त्रास देतात. गंजून बुशच्या नळीत अडकतात, मग फिरवताना बोल्टबरोबर बुशही पिळला जातो आणि वर सांगितलेलीच गोष्ट पुन्हा घडते. किंवा वॉशर ज्या कडेवर टेकतो तिथं रंग, गंज, ग्रीस असतं आणि एका जोरदार खड्ड्यात बोल्ट घसरतो. दोन्ही पृष्ठभाग वायर ब्रशनं साफ करा, नट नवा वापरा, टॉर्क पान्यानं आवळा आणि वॉशर ते ब्रॅकेट अशी रंगाची एक बारीक रेघ मारा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली तर कारण सापडलं.

टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेडला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअपच चाकाचा वरचा आधार असलेली रचना) आहे आणि कॅम्बर बदलायची सोय मुळात दिलेली नाही. तिथं स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या दोन बोल्टपैकी एक काढून कॅम्बर बोल्ट घालतात. त्याचा दांडा मूळ बोल्टपेक्षा बारीक असतो, म्हणून पकडही कमी. मूळ बोल्टचा टॉर्क त्याला लावू नका, बोल्टच्या पाकिटावरचा लावा. ट्रॅकवर नियमित जाणाऱ्या गाडीला वरून कॅम्बर प्लेट हा जास्त भरवशाचा मार्ग आहे. याच गाडीत मागचा टो बदलता येतो, मागचा कॅम्बर नाही. गाडी खाली घेतल्यावर मागे कॅम्बर नको तितका वाढला तर बदलता येणारे लोअर आर्म लागतातच.

स्ट्रटच्या वरच्या बेअरिंगकडेही बघा. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की स्प्रिंगमधून ‘टण्ण’ असा आवाज आला, किंवा वळणातून स्टिअरिंग आपणहून परत येत नसेल, तर स्प्रिंग बेअरिंगवर न फिरता पिळतो आहे. वॉशरचा क्रम उलटा झालेला असतो किंवा बेअरिंग जाम. स्ट्रटचा वरचा नट इम्पॅक्ट गननं आवळू नका. दांडा आत फिरतो आणि सील जातो. दांडा ॲलन कीनं धरून हातपान्यानं आवळायचा.

चाकं: ऑफसेटचा हिशेब आधी, खरेदी नंतर

८६ ची मूळ मोठी चाकं १७ इंच, ७ इंच रुंद, ऑफसेट (चाकाच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, मिमीत) +४८. त्याजागी १८ इंच, साडेआठ रुंद, +४० घेतली तर चाकाची आतली कड ११ मिमी शॉकअपकडे सरकते आणि बाहेरची कड २७ मिमी बाहेर येते. मडगार्डला टायर घासतो तो यामुळे. पण कागदावर न दिसणारा बदल वेगळाच आहे: चाकाचा मध्य ८ मिमी बाहेर गेला, म्हणजे स्क्रब रेडियस (टायरचा मध्य आणि स्टिअरिंगचा अक्ष यांतलं जमिनीवरचं अंतर) तितकाच बदलला. त्यानं ब्रेक लावताना आणि रस्त्याच्या चाकोरीत स्टिअरिंग हातात ओढतं. अशा ओढीला अलाइनमेंट हा इलाज नाही. मूळ ऑफसेटच्या जितकं जवळ राहाल तितकं बरं, आणि स्पेसर (हब आणि चाकामधली चकती) फक्त शॉकअपला चाक घासत असेल तरच.

टायरचा बाहेरचा व्यास मूळच्या २ टक्क्यांच्या आत ठेवा. २१५/४५ आर१७ चा व्यास सुमारे ६२५ मिमी, २२५/४० आर१८ चा ६३७. हे चालतं. २३५/४० आर१८ घेतला तर ६४५ होतो, ३ टक्क्यांच्या वर. खाली घेतलेल्या गाडीत तो आतल्या लायनरला घासणार.

चाक थरथरतं आणि बॅलन्सिंगनं जात नाही, तेव्हा मध्यावरचं भोक बघा. ८६ च्या हबचा व्यास ५६.१ मिमी. बाहेरच्या बऱ्याच चाकांचं भोक मोठं असतं, म्हणून मध्ये रिंग लागते. रिंग नसली तर चाक केंद्रापासून सरकून बसतं. नटची बैठकही जुळली पाहिजे. काही गाड्यांचे मूळ नट गोल बैठकीचे असतात, बाहेरची चाकं बहुधा शंकूच्या बैठकीची. न जुळणारा नट टॉर्क दाखवतो पण पकडत नाही, आणि चाक सुटतं. पातळ स्पेसर लावला तर नट स्टडवर किती आटे बसतो ते मोजा: निदान स्टडच्या व्यासाइतकी पकड हवी. एम१२ × १.५ ला आठ पूर्ण फेरे, एम१२ × १.२५ ला साडेनऊच्या पुढे. आटे कोरडे ठेवा, मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा (८६ ला १२० न्यूटन मीटर) आणि ८०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

आकडे बरोबर, तरी गाडी खड्ड्यावर दिशा बदलते

हा बम्प स्टिअर. गाडी खूप खाली घेतली की टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा) आणि लोअर आर्म यांचे कोन एकमेकांना जुळत नाहीत, चाक वर-खाली होताना टो बदलतो. उभ्या गाडीचं अलाइनमेंट इथं काहीच सांगत नाही.

मोजायचं असेल तर स्प्रिंग काढा, स्टिअरिंग सरळ बांधून ठेवा, हबला सपाट पट्टी लावा आणि जॅकनं चाक चालत्या उंचीपासून १०-१० मिमी वर-खाली नेत प्रत्येक ठिकाणी टो लिहा. आकडे एकाच दिशेनं झरझर सरकत असतील तर बाहेरच्या टाय रॉडची उंची बदलणारं किट लागेल. स्पेसर एकेक पातळ घालून पुन्हा मोजा, अंदाजानं नाही.

मॅकफर्सन गाडीत याच्याबरोबर रोल सेंटरचाही (वळणात बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते त्याचा) प्रश्न येतो. लोअर आर्मचं चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलं, की रोल सेंटर गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा कितीतरी जास्त खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं आणि खाली घेतलेली गाडी वळणात उलट जास्त झुकू पाहते. त्यात चाक वर जाताना मिळणारा कॅम्बरही हरवतो. लोक जाड अँटी-रोल बार घालून झुकणं दाबतात. खरा उपाय लांब दांड्याचा बॉल जॉइंट, किंवा सरळ १०-१५ मिमी उंची परत देणं. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला आमचा कौल दुसऱ्याला. समोरून बघून आर्म जवळजवळ आडवा दिसतो ती उंची गाठली की वर-खालचे अर्धे प्रश्न उरतच नाहीत.

अँटी-रोल बारची लिंक शेवटी जोडायची, तीही गाडी चाकांवर असताना, आणि बोल्ट बोटांनी सहज आत जाईल अशी लांबी करून. ताण देऊन जोडलेली लिंक एका बाजूला भार टाकते आणि गाडी डावीकडे-उजवीकडे वेगळी वागते.

आता अलाइनमेंट

चारही टायरची हवा थंड असताना सारखी करा. टाकी अर्धी. बहुतेक वेळ एकटाच माणूस चालवत असेल तर त्याच्या वजनाइतकं ओझं सीटवर ठेवा. हलक्या गाडीत फरक पडतो. टाय रॉड, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग यांत खेळ नाही ना ते चाक हलवून बघा. खेळ असलेल्या गाडीचं अलाइनमेंट करणं म्हणजे वेळ घालवणं.

मागून सुरुवात. मागचा कॅम्बर, मग मागचा टो, दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणजे थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीला ज्या दिशेनं ढकलतात तिचा कोन) शून्याजवळ येतो. मग पुढचा कास्टर, कॅम्बर, आणि सर्वांत शेवटी टो. हा क्रम मोडू नका: कॅम्बर बदलला की टो आपोआप बदलतो, स्टिअरिंगचा रॅक ॲक्सलच्या पुढे असेल तर एका दिशेनं, मागे असेल तर दुसऱ्या. कॅम्बर प्लेट हातानं सरकवून ट्रॅकवरून परतताना टो तसाच राहील असं समजणाऱ्यांचे टायर सर्वांत लवकर संपतात.

रस्त्यावर चालणाऱ्या आणि अधूनमधून ट्रॅकवर जाणाऱ्या, इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाणाऱ्या (रिअर-व्हील ड्राइव्ह) गाडीला सुरुवात म्हणून हे आकडे ठेवा:

- पुढचा कॅम्बर उणे १.५ ते उणे २.०, दोन बाजूंत फरक ०.३ अंशाच्या आत
- पुढचा टो शून्य
- मागचा कॅम्बर उणे १.३ ते उणे १.८
- मागचा टो दोन्ही मिळून ०.१ ते ०.२ अंश आत
- कास्टर मिळेल तितका, दोन बाजूंत फरक अर्ध्या अंशाच्या आत

मागे टो बाहेर नको, अगदी थोडासुद्धा. ओल्या रस्त्यावर पाय उचलला की गाडी फिरते.

कागदावर ‘हिरवं’ म्हणजे कंपनीच्या मर्यादेत, एवढाच अर्थ. ती मर्यादा रुंद असते. एका बाजूला तिचं एक टोक आणि दुसऱ्या बाजूला दुसरं टोक असेल तरी मशीन हिरवंच दाखवतं. प्रत्यक्ष आकडे मागा, आणि काम झाल्यावर गाडी हलवून, परत प्लेटवर आणून दुसऱ्यांदा मोजायला सांगा. दोन्ही वेळचे आकडे जुळले नाहीत तर कुठेतरी काहीतरी सैल आहे, बुश किंवा बोल्टकडे परत जा.

एवढं करूनही ओढते?

पुढचे दोन टायर आपापसांत बदला (दिशा ठरलेले टायर असतील तर मागचे पुढे आणून बघा). ओढ उलटली किंवा गेली तर दोष टायरच्या बांधणीचा. नाही उलटली, तर गाडी ज्या बाजूला कास्टर कमी आहे किंवा कॅम्बर जास्त धन आहे तिकडे ओढते, आकडे त्या नजरेनं पुन्हा वाचा. फक्त ब्रेक लावतानाच ओढत असेल तर दोष कॅलिपरमध्ये असतो, किंवा लोअर आर्मचा मागचा बुश फाटलेला असतो. जॅकनं उचलून पहारीनं तो बुश हलवून बघा, चीर उघडते.

अलाइनमेंटनंतर ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला किंवा सरळ रस्त्यावर ईएसपी मध्येच ब्रेक मारायला लागलं, तर स्टिअरिंग अँगल सेन्सर नव्या मध्यावर शून्य करून घ्यायचा राहिला आहे. स्कॅन टूलनं ते होतं. पुढे कॅमेरा किंवा रडार असलेल्या गाडीत उंची बदलल्यावर त्यांचं कॅलिब्रेशनही करावं लागतं.

नवे स्प्रिंग आणि बुश ३०० ते ५०० किलोमीटरमध्ये बसतात. तेव्हा उंचीचे चारही आकडे आधी लिहिलेल्यांशी ताडून बघा, पिव्होट बोल्ट, लॉक रिंगा आणि टाय रॉडचे लॉक नट टॉर्कला तपासा, रंगाच्या रेघा बघा, आणि मगच फक्त टो पुन्हा मोजून घ्या. उंची ३ मिमीपेक्षा जास्त खाली आली असेल तर टो बदलायच्या आधी ती परत आणा आणि बुश त्या उंचीला पुन्हा मोकळे करून आवळा.